माणूस दिसला की जागा होणारा

कडककाकांना सगळी बिल्डिंग कडककाका म्हणते ते त्यांच्या स्वभावामुळे, असं नव्या भाडेकरूंना वाटायचं. तसं नव्हतं. तळमजल्यावर त्यांची लाँड्री होती, आणि त्यांनी खळ घालून इस्त्री केलेला शर्ट जमिनीवर ठेवला तर आत माणूस नसतानाही उभा राहील, अशी त्यांची ख्याती होती. स्वभाव मागाहून आला. नाव आधी पडलं आणि माणूस हळूहळू त्या नावात जाऊन बसला, एवढंच.

खोल्या दोन. पुढच्या खोलीत टेबल, इस्त्री आणि गाठोडी. मागच्या खोलीत काकू, गॅस, पलंग आणि जिथे जागा उरेल तिथे पुन्हा गाठोडी. मोठं गिऱ्हाईक एकच, चौकापलीकडचं नर्सिंग होम. तिथल्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. सगळं पांढरं. शाळेचे युनिफॉर्म आणि साहेबलोकांच्या पँटी यांच्यावर वरखर्च सुटायचा. घर चालायचं ते त्या पांढऱ्यावर. मुलगी त्यावरच शिकली, त्यावरच सासरी गेली.

त्या पांढऱ्यावर डाग पडायला लागले.

सुरुवातीला एखादाच. तांबूस, शेंगदाण्याएवढा. संध्याकाळी गच्चीवर तारेवर टाकलेली चादर स्वच्छ, आणि सकाळी काढायला जावं तर मध्यावर डाग. काकांनी ब्लीच लावलं. डाग जायचा सोडून आणखी गडद झाला. काका डोळे बारीक करून म्हणाले, "लोखंड." चहाचा असता तर फिका पडला असता, रक्ताचा असता तर थंड पाण्याला बधला असता. ब्लीचवर चिडतो तो लोखंडाचा. एवढं ज्ञान त्यांना होतं, आणि घात त्याच ज्ञानाने केला.

आता तुम्ही म्हणाल, तार गंजली असेल. काकांना काय तेवढं सुचलं नसेल? पहिला संशय त्यांनी तारेवरच घेतला. पण ती साधी तार नव्हती. वरून हिरव्या प्लास्टिकचं वेष्टण असलेली, गंजू नये म्हणूनच मुद्दाम आणलेली. तरीही एका भर दुपारी काका गच्चीवर गेले आणि पांढरा फडका तारेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून आणला. फडका पांढराच राहिला. तार निर्दोष सुटली.

मग उरलं कोण? बिल्डिंगमध्ये लोखंडाशी सोयरीक असलेला माणूस एकच होता. ठिणगीभाऊ.

ठिणगीभाऊ सगळ्यात वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. उभा जन्म वेल्डिंगमध्ये गेला. बिल्डिंगमधल्या निम्म्या खिडक्यांचे गज त्यांच्या हातचे, जिन्याचा कठडा त्यांच्या हातचा, आणि गच्चीवर काकांची तार ज्यांच्यामध्ये ताणलेली होती ते दोन खांबही त्यांनीच दोस्तीखातर उभे करून दिलेले. त्या काळी कडक आणि ठिणगी संध्याकाळी एकाच बाकावर बसायचे आणि एकाच कपातला चहा बशीत वाटून घ्यायचे. काकू म्हणायच्या, "या दोघांचं लग्न लावून द्या, माझी तरी सुटका होईल."

वेल्डिंगच्या धुराने ठिणगीभाऊंची छाती खाल्ली. मोठी कामं सुटली, तसे ते गच्चीवर छोटी कामं करायला लागले. एखादी बिजागरी, एखादा स्टूल. ग्राइंडर चालला की लोखंडाचा कीस उडायचा आणि काकांच्या चादरींवर बसायचा. काकांनी जिना चढून "ठिणग्या, बंद कर की रे" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण ते सेक्रेटरींकडे गेले. कमिटीने काम बंद पाडलं. त्या दिवसापासून दोघं बोलायचे बंद झाले. ठिणगीभाऊंकडे गच्चीची किल्ली मात्र राहिली. पहाटे छाती भरून आली की त्यांना उघड्यावर जाऊन बसल्याशिवाय श्वास पुरायचा नाही.

म्हणजे कीस होता, राग होता, किल्ली होती. पोलिसाला आणखी काय लागतं?

त्यात मध्यंतरी एकदा ठिणगीभाऊ स्वतःच लाँड्रीच्या दारात येऊन उभे राहिले होते. धाप लागलेली.

"कडक, तुझी ती तार..."

"तारेचं नाव काढायचं नाही," काका इस्त्रीवरून मान वर न करता म्हणाले. "कमिटीची परवानगी आहे मला. तुम्हाला काय बोलायचं ते सेक्रेटरींशी बोला."

'तुम्हाला' ऐकून ठिणगीभाऊ जरा वेळ तसेच उभे राहिले. मग खोकले, आणि कठड्याला धरून जिना चढून गेले.

"काय म्हणत होता तो?" आतून काकूंनी विचारलं.

"काय म्हणणार? तार काढ म्हणायला आला होता. गच्ची पाहिजे त्याला."

"म्हणाला तसं?"

"म्हणू कुठे दिलं मी!"

पुढच्याच आठवड्यात नर्सिंग होमच्या हेडसिस्टरने काकांना बोलावून घेतलं. टेबलावर चादर पसरलेली, वर दोन तांबूस ठिपके.

"काका, हे काय? पेशंटचे नातेवाईक म्हणतात, दुसऱ्याचं रक्त लागलेली चादर दिली. इतकी वर्षं तुमच्या कामाकडे बघावं लागलं नाही. आता एकदाच सांगते, आणखी एक गाठोडं असं आलं तर मला मशीनवाल्या कंपनीला काम द्यावं लागेल. माझ्या हातात नाही मग."

काका घरी आले ते पलंगावर बसलेच नाहीत. "कॅमेरा लावतो," म्हणाले. "पुराव्याशिवाय आता बोलायचंच नाही."

"कॅमेरा?" काकू म्हणाल्या. "घड्याळ बंद पडून वर्ष झालं, त्यात सेल टाकायला सवड नाही तुम्हाला."

तरी गेले. बाजारात लाईटच्या सामानाच्या दुकानात एक ताई बसायच्या. तोंड एकसारखं चालू, हातही चालू, एकीकडे गिऱ्हाइकाशी बोलत दुसरीकडे वायर गुंडाळायच्या.

"कशासाठी हवाय, काका? चोर की शेजारी?"

काका दचकले. "शेजारी."

"सगळ्यांना तोच हवा असतो. चोर कुठे येतात हल्ली, शेजारी रोज येतात." ताईंनी काउंटरवर खोके मांडले. "हा मोठा. दिवसरात्र सगळं टिपतो. पान हललं तरी आहे, पाऊस पडला तरी आहे. पण मग बसून बघावं लागतं हो, तासन् तास. हा दुसरा, याला कान आहे. आवाजही घेतो. आणि हा तिसरा हुशार आहे. गप्प झोपून राहतो. माणूस दिसला की जागा होतो, तेवढंच टिपतो आणि फोनवर टिंग करून कळवतो. पक्षी, मांजर, वारा, पाणी, कशाकशाला उठत नाही."

"हाच द्या."

"थांबा की. काका, माझं ऐकाल तर पहिला लावा. आठवडाभर सगळं बघा. काय होतंय ते तरी कळेल."

"काय होतंय ते मला माहीत आहे. कोण करतंय ते दिसायला हवं."

"कोण ते माहीत नाही?"

"तेही माहीत आहे. मला माहीत आहे हो. लोकांना दिसायला हवं."

ताईंचं वायर गुंडाळणं थांबलं. त्यांनी काकांकडे जरा बघितलं आणि पुन्हा गुंडाळायला लागल्या. "कानवाला तरी घ्या. त्यात हाच झोपणारा प्रकार येतो, आणि बोलणंही कळतं."

"त्याचं बोलणं मला ऐकायचं नाही."

ताईंनी तिसरा खोका पुढे सरकवला. फक्त बिल करताना सांगितलं, "दुसऱ्याच्या दाराखिडकीकडे तोंड करू नका त्याचं. तक्रार तुमच्यावरच उलटते." एवढा सल्ला मात्र काकांनी तंतोतंत पाळला. पाण्याच्या टाकीच्या खांबावर कॅमेरा असा बसवला की समोर फक्त त्यांची तार आणि त्यांच्या चादरी. त्या ओळीने लटकलेल्या असल्या की गच्चीचा पडदा पडल्यासारखं दिसायचं. पडद्यापुढचं सगळं दिसे, मागचं काही नाही.

काकांचा फोन बटणांचा, त्यामुळे कॅमेरा जोडला काकूंच्या फोनला. पहिले दोन-तीन दिवस काकूंनी धमाल केली. काका वर गेले की टिंग. "गच्चीवर माणूस दिसला." काकू खिडकीतून ओरडायच्या, "अहो, वर एक टकला माणूस चादरींना हात लावतोय! संशयित वाटतो!" काकांना हसू यायचं, पण कडक माणसाने हसू दाबायचं असतं.

मग एका पहाटे टिंग झालं आणि काका तेव्हा पलंगावरच होते.

दोघांनी फोन मध्ये धरून बघितलं. ठिणगीभाऊ. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर. एका हाताने छाती दाबत येतात, चादरींच्या ओळीपुढे थांबतात, इकडेतिकडे बघतात. खिशातून काहीतरी काढतात. चादर उचलून तिच्या मागे जातात. आता दिसतात फक्त त्यांचे पाय आणि चादरीच्या वरच्या कडेला हलणारी बोटं. बराच वेळ. मग पुढची चादर. मग त्याच्या पुढची. शेवटी बाहेर येतात, त्यांचं लक्ष टाकीच्या खांबाकडे जातं. कॅमेरा दिसतो. जवळ येतात, अगदी जवळ, आणि तोंड हलवत काहीतरी बोलतात. बोट वर तारेकडे दाखवतात. पुन्हा बोलतात. खोकतात. जातात.

"शिवी देतोय," काका म्हणाले. "बघ, कॅमेऱ्याला शिवी देतोय."

"शिवी देताना असा चेहरा असतो?"

"तुला काय कळतं!"

त्या सकाळी एका चादरीवर डाग निघाला. झालं. सेक्रेटरींच्या हॉलमध्ये कमिटी बसली, मोठ्या टीव्हीवर सगळं लावण्यात आलं. ज्यांना बिल्डिंगच्या पाण्याच्या मीटिंगला यायला कधी वेळ मिळाला नाही असे लोकसुद्धा आले होते. चादरीमागे बोटं हलायला लागली तसे बायकांनी "अगं बाई" केलं. कॅमेऱ्यापुढे तोंड हललं तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी ओठ वाचून शिवीसुद्धा सांगितली.

ठिणगीभाऊ कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. जिने उतरून आल्याची धाप अजून बसली नव्हती.

"बोला, काय करत होता चादरींना?" सेक्रेटरींनी विचारलं.

ठिणगीभाऊंनी सेक्रेटरींकडे बघितलंच नाही. ते काकांकडे बघत होते. "कडक," ते म्हणाले, "तू वर जाऊन बघ." आणि खोकल्याची उबळ आली ती थांबेचना.

"सगळ्यांनी बघितलंय," काका टीव्हीकडे हात करून म्हणाले. "आणखी काय बघायचं राहिलं?"

खोकला थांबला तरी ठिणगीभाऊ पुढे काही बोलले नाहीत. कमिटीने गच्चीची किल्ली काढून घेतली. त्यांनी ती खिशातून काढून टेबलावर ठेवली. व्हिडिओ बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणी टाकला ते शेवटपर्यंत कळलं नाही. काकांनी टाकला नव्हता. कुणी मागितला तर काकूंच्या फोनवरून द्यायला मात्र त्यांची ना नव्हती. तिथून तो कुठे कुठे गेला याचा हिशेब कोण ठेवणार? भाजीवाल्यानेसुद्धा काकांना थांबवून विचारलं, "तो चादरवाला म्हातारा तुमच्याच बिल्डिंगमधला ना?"

काही दिवस डाग पडला नाही. हवा कोरडी होती. काकांनी त्याचं श्रेय कॅमेऱ्याला दिलं आणि त्याच्या काचेवरची धूळसुद्धा मऊ फडक्याने पुसली.

ठिणगीभाऊ आता पहाटे गच्चीच्या बंद दारापाशी, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचे. दाराच्या फटीतून येईल तेवढी हवा. दूधवाल्याने सांगितलं, ते तिथे तोंड फटीला लावून बसतात. काकूंनी ते ऐकलं आणि काकांना सांगितलं. काका म्हणाले, "कमिटीचा निर्णय आहे." महिनाअखेरीला ठिणगीभाऊंचा मुलगा गाडी घेऊन आला. काका लाँड्रीच्या दारात होते. मुलाने बापाला जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं, मग ऑक्सिजनचं नळकांडं आत ठेवलं, दार लावलं. काकांकडे त्याने एकदा बघितलं. लहानपणी याच पोराचा शाळेचा पहिला युनिफॉर्म काकांनी फुकट इस्त्री करून दिला होता.

मग हवा बदलली. पहाटे धुकं उतरायला लागलं, गच्चीचा कठडा ओला, काचा ओल्या. आणि एका सकाळी काका चादरी काढायला वर गेले तर प्रत्येक चादरीवर डाग. एखाददुसरा नाही, ओळीने. काही तर खालपर्यंत ओघळलेले.

काका धावत खाली आले. "फोन दे! कोण आलं होतं?"

काकूंनी फोन बघितला. "कुणी नाही."

"नीट बघ!"

"तुम्ही काल संध्याकाळी, आणि तुम्ही आत्ता. मध्ये कुणी नाही." काकू फोन त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "झोपला होता तो. माणूस आला नाही, मग कशाला उठेल?"

काकांनी डाग काढायची पुडी ओतली, लिंबू चोळलं, गरम पाण्यात, थंड पाण्यात. डाग निघाले तिथे कापड विरलं. गाठोडं द्यायची वेळ टळून गेली. नर्सिंग होममधून माणूस आला, आणि त्याच्यामागून हेडसिस्टर स्वतः आली. तिने ओल्या चादरी उलगडून बघितल्या. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"काका," ती म्हणाली, "उद्यापासून कंपनीची गाडी येईल. तुम्ही येऊ नका."

ती गेल्यावर पुढच्या खोलीत इस्त्री तापत राहिली होती ती काकूंनी येऊन बंद केली.

"तो म्हणाला होता ना," काकू म्हणाल्या, "वर जाऊन बघ. गेलात?"

"मी रोज वर जातो."

"कपडे काढायला जाता. बघायला कधी गेलात?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना काका वर गेले. तारेवर काही टाकलेलं नव्हतं; टाकायला काही उरलंच नव्हतं. पडदा नसलेली गच्ची त्यांना उगाचच मोठी वाटली. तार नुसती लोंबत होती आणि तिच्या पोटाला खालून पाण्याचे थेंब लागलेले. काकांनी बोट लावलं. बोट तांबूस झालं.

चिमट्यांनी चावून चावून प्लास्टिकला बारीक चिरा गेल्या होत्या. वरून दिसत नव्हत्या. दंव आत शिरायचं, आतली पोलादी तार गंजवत चालत जायचं आणि खालच्या चिरेतून ठिबकायचं. भर दुपारच्या उन्हात, कोरड्या तारेवर वरून फडका फिरवला तर तो पांढराच राहणार. ती ओकायची पहाटे, ओली झाली की.

आणि चिरांवर टेप होती. हिरवी. तारेच्या हिरव्याशी इतकी जुळणारी की नुसत्या डोळ्याला कळू नये, काकांनी ओरबाडून टाकू नये. वेल्डिंगवाल्या हाताची गुंडाळणी, एकावर एक अर्धं वेटोळं चढवत, एकही सुरकुती नाही. जुनी झालेली टेप दमटाने सुटून लोंबत होती आणि तिच्यावर नवी, तिच्यावर आणखी नवी. कुठे कुठे तीन थर. शेवटचा थर सगळीकडेच सुटलेला, कारण त्यानंतर वर यायला कुणाकडे किल्ली नव्हती. नव्या चिरांवर काहीच नव्हतं.

काकांनी ग्रुपवर लिहायचं ठरवलं. काकूंच्या फोनवर, एकेक अक्षर शोधत. 'ठिणगीभाऊंचा दोष नव्हता. माझीच तार गंजली होती.' खाली दोन अंगठे आले आणि मग कुणीतरी पाण्याच्या मोटरबद्दल विचारलं. सेक्रेटरी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "जाऊ द्या हो, झालं गेलं. आता परत कशाला तो विषय?" मास्तरांनी मात्र ओठांवरून वाचलेली शिवी परत घेतली नाही.

काकांनी ठिणगीभाऊंच्या मुलाला फोन लावला.

"काका, बाबा बोलू शकत नाहीत," तो म्हणाला. "घशात नळी आहे."

"मग फोन त्याच्या कानाला लाव. मला फक्त सांगायचंय..."

"माझ्या सासुरवाडीपर्यंत पोचला होता तो व्हिडिओ," मुलगा म्हणाला. "बाबांनी एकदा माझ्याकडून मागून घेऊन बघितला. शेवटी ते कॅमेऱ्याशी काहीतरी बोलतायत ना, तेव्हा मी विचारलं काय बोललात. तर हसले नुसते." मागून त्याला कुणीतरी हाक मारली. "ठेवतो. त्यांची नळी साफ करायची आहे."

दुपारी काकांनी काकूंकडून तो व्हिडिओ लावून घेतला. ठिणगीभाऊ जवळ येतात. तोंड हलतं. बोट वर तारेकडे. पुन्हा तोंड हलतं. काकांनी फोन कानाला लावला. काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी काकूंना आवाज वाढवायला सांगितलं. काकूंनी वाढवला. त्याने काय होणार होतं?

संध्याकाळी काका पकड घेऊन वर गेले. तार काढायची होती. ठिणगीभाऊंनी उभ्या केलेल्या एका खांबापासून सुरुवात केली, गाठ सोडवली, हातावर वेटोळं घ्यायला लागले. टेप कुठेही न उकलता, आहे तशी. हात तांबूस झाले, मनगटं, शर्टाची बाही. टाकीच्या खांबावर छोटा लाल दिवा लागला.

खाली खिडकीत काकूंचा फोन वाजला. टिंग.

"अहो," काकूंनी सवयीने हाक मारली, "वर कुणीतरी आहे."

काका वेटोळं छातीशी धरून कॅमेऱ्याकडे वळले. तोंड उघडलं. मग मिटलं.